थंड प्रदेशात कुंडीतला माड आणि पोफळ : हिवाळ्यात पानांआधी मुळांकडे पाहावे

अंत्रुजकर (फोंडा)

गोव्याबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या माणसांकडून एक प्रश्न वारंवार येतो. पुणे-नाशिकला, दिल्लीला किंवा थेट इंग्लंड-पोर्तुगालला राहणारी मुले-सुना घरात एखादा माड, निदान एखादी पोफळ (सुपारीचे झाड) कुंडीत लावू पाहतात. पहिला उन्हाळा रोप उत्तम वाढते, आणि पुढच्या एक-दोन हिवाळ्यांत पिवळे पडत पडत जाते. मग सगळेजण ‘थंडी मानवली नाही’ असे म्हणून मोकळे होतात. आमचे कुळागर (पोफळी-माडांची बाग) असल्यामुळे माझा दिवस पोफळी आणि माडांतच जातो, आणि परगावी असलेल्या आप्तांच्या कुंड्यांचीही मी आवर्जून चौकशी करतो. त्यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की घरात ठेवलेले रोप हवेच्या थंडीने क्वचितच मरते. ते मरते कुंडीतल्या थंड, ओल्या मातीने आणि प्रकाशाच्या उपासमारीने. या दोन गोष्टी सांभाळल्या तर पुष्कळ रोपे वाचू शकतील असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम झाडाची घडण लक्षात घ्यावी. आंब्याची फांदी तोडली तर बाजूने दुसरी फुटते. माडाला किंवा पोफळीला वाढीचा एकच कोंब असतो, आणि तो गेला की ते खोड संपले. त्याची मुळेही आंब्यासारखी वर्षागणिक जाड होत जात नाहीत. खोडाच्या बुंध्यातून साधारण सारख्याच जाडीची नवी नवी मुळे सुटत राहतात, जुनी मरतात, आणि हे चक्र चालू राहण्यासाठी मातीत ऊब लागते. आपल्याकडे जानेवारीतही पणजीचे किमान तापमान 20 अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे मुळांचे काम थांबले असे कधी होतच नाही. माडाला वर्षाचे सरासरी तापमान 27 अंशांच्या जवळपास असलेले सर्वांत अधिक मानवते. 20 अंशांखाली त्याची वाढ मंदावते आणि 15 अंशांखाली जवळजवळ थांबते. थंड देशातील घरात हवा 20 अंश असली, तरी फरशीवर किंवा खिडकीच्या काचेलगत ठेवलेल्या ओल्या कुंडीची माती त्याहून काही अंशांनी थंडच असते, कारण ओल्या मातीतून पाणी उडताना ती आणखी निवते. भिंतीवरचा तापमापक पाहून आपण निर्धास्त राहतो आणि तेवढ्यात खाली मुळे पाणी ओढायचे थांबलेली असतात. पाने मलूल दिसतात म्हणून वरून आणखी पाणी घातले जाते, आणि न ओढलेल्या त्या पाण्यात मुळे कुजतात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. गोव्यात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे सव्वा अकरा तासांचा असतो. इंग्लंडच्या उत्तर भागात डिसेंबरातला दिवस साडेसात तासांच्या आसपास येतो, त्यातही सूर्य क्षितिजापासून फारसा वर चढत नाही आणि आभाळ बहुधा भरलेले असते. शिवाय खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेले की आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटणारा उजेड झाडाला अगदीच अपुरा पडतो.

तिसरा मुद्दा फक्त माडाचा आहे, पण महत्त्वाचा आहे. युरोपातील दुकानांत नारळासकट उगवलेले रोप शोभेसाठी विकतात. ते रोप साधारण पहिले वर्षभर मुख्यतः आपल्या नारळातल्या खोबऱ्यावर जगत असते. कोंब फुटलेला नारळ फोडला की आत जो गोड, स्पंजासारखा गोळा मिळतो, तोच हे खोबरे शोषून रोपाला पोसत असतो. म्हणून पहिल्या वर्षी ते कोपऱ्यात, कमी उजेडात ठेवले तरी टवटवीत दिसते. खोबरे संपले की त्याला स्वतःच्या मुळा-पानांवर जगावे लागते, आणि नेमका त्याच वेळी हिवाळा असला तर त्याच्याकडे काहीच शिल्लक नसते. पहिल्या वर्षाच्या हिरवेपणावरून जागा योग्य आहे असे कोणीही समजू नये.

ज्यांच्याकडे अशी रोपे आहेत त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा. कुंडी कोठे ठेवली आहे, खिडकी कोणत्या दिशेला आहे आणि पाणी किती दिवसांनी देता, एवढे तरी कृपया सांगावे, म्हणजे नेमकेपणाने बोलता येईल.

उत्तरवारा (मँचेस्टर)

नमस्कार अंत्रुजकरबाब. आमचे घर मूळ डिचोलीचे. गेल्या वसंत ऋतूत येथील दुकानातून नारळाचे रोप आणले. त्याला चार पाने आहेत आणि पाचवे पान सुईसारखे वर आले आहे, पण ऑक्टोबरपासून ते तसेच उभे आहे. उंची वाढली नाही आणि ते उलगडलेही नाही. कुंडी दक्षिणेकडच्या खिडकीत आहे आणि येथील बहुतेक घरांप्रमाणे खिडकीच्या बरोबर खाली रेडिएटर आहे. हीटर सकाळी आणि संध्याकाळी चालतो. पाणी आठवड्यातून एकदा, नळाचे. पानांची टोके तपकिरी झाली आहेत. हे रोप जाणार की राहणार, आणि आता या दिवसांत काय करावे, याचे मार्गदर्शन केल्यास उपकार होतील. आईला दर रविवारी व्हिडिओवर त्याची पाने दाखवावी लागतात, त्यामुळे घरात त्याच्याविषयी जीव गुंतला आहे.

अंत्रुजकर (फोंडा)

नमस्कार. प्रथम कोंबाची परीक्षा करावी. ती सुई दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढून पाहावी. ती घट्ट असेल आणि बुडाशी पांढरट-हिरवी असेल तर रोप केवळ थांबले आहे, मेलेले नाही. ती अलगद हातात आली, बुडाशी तपकिरी आणि लिबलिबीत असली आणि तिला आंबूस दुर्गंध असला, तर कोंब कुजला आहे. आपल्याकडे पावसाळ्यात माडाचा कोंब कुजतो तेव्हा हीच खूण दिसते, आणि वेळीच लक्षात आले तर कुजका भाग काढून बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाची) पेस्ट लावतात. कुंडीतल्या लहान रोपात मात्र तेवढा वाव राहत नाही. म्हणून पाणी कधीही शेंड्यावर ओतू नये, ते मातीतच द्यावे.

सुई घट्ट असल्यास पुढील गोष्टी याच आठवड्यात कराव्यात. कुंडी रेडिएटरवरून हलवावी. रेडिएटरची कोरडी, गरम हवा सरळ पानांवर जाते, रात्री हीटर बंद झाला की तीच जागा काचेमुळे घरातली सर्वांत थंड होते, आणि दिवसातून दोनदा होणारा हा चढउतार रोपाला फार जड जातो. कुंडी त्याच खिडकीच्या बाजूला, फरशीपासून उंच, लाकडी स्टुलावर ठेवावी. रोपांसाठी मिळणारी विजेची उबदार चटई कुंडीखाली घालावी आणि ती तापमान-नियंत्रकासह घ्यावी. माती 22 ते 25 अंशांच्या दरम्यान राहिली पाहिजे. मातीत खुपसायचा साधा तापमापक स्वस्तात मिळतो, तो अवश्य घ्यावा. झाडाच्या वर, पानांपासून साधारण हातभर अंतरावर, झाडांसाठीचा एलईडी दिवा लावून तो रोज बारा तास चालू ठेवावा. ऊब आणि प्रकाश दोन्ही बरोबरच वाढवावेत, कारण उबेने जागे झालेले रोप अंधारात ठेवले तर ते साठवलेले अन्नच खाऊन टाकते.

पाणी आठवड्याच्या हिशेबाने देऊ नये. बोट दोन पेरे मातीत घालावे, तेथवर कोरडे लागले तरच द्यावे, आणि दिले की पूर्ण भिजेल असे देऊन ताटलीत साचलेले लगेच ओतून टाकावे. हिवाळ्यात तिकडच्या नळाचे पाणी बर्फासारखे येते, म्हणून ते रात्रभर खोलीत ठेवून मगच घालावे.

लंडनमधील क्यू उद्यानातील पाम हाऊस 1844 ते 1848 या काळात बांधले गेले, तेव्हा उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी गरम पाण्याचे नळ जमिनीखाली, लोखंडी जाळ्यांच्या खालून फिरवले होते. काचेची एवढी मोठी इमारत उभी करणाऱ्यांनीही ऊब खालून दिली, हे मला फार बोलके वाटते.

गोदाकाठ (नाशिक)

आमच्याकडचा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहिते. नाशिकची थंडी कोरडी आणि रात्रीची असते. निफाडला तर काही वर्षी पारा 5 अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. दुपारी मात्र कडक ऊन असते, त्यामुळे प्रकाशाची टंचाई येथे नाही. माझे माहेर काणकोणचे. तेथून आणलेली पोफळ गच्चीवर कुंडीत आहे, आणि दर डिसेंबरात तिची पाने कडेने करपतात.

मी करते ते एवढेच. संध्याकाळी सिमेंटच्या उघड्या गच्चीवरून कुंडी पूर्वेकडच्या भिंतीला टेकवते, कुंडीभोवती गोणपाट आणि आत नारळाचे सोडण (वरची तंतुमय साल) ठासून भरते, आणि पाणी फक्त सकाळी दहानंतर देते. संध्याकाळी पाणी दिलेल्या कुंड्या रात्रभर गार पडतात हे हाताला स्पष्ट कळते. शेजारच्या काकूंची अरेका म्हणून घेतलेली झुडुपी पाम, जिला बुडातून अनेक खोडे फुटतात, ती याच गच्चीवर पोफळीपेक्षा अधिक तग धरते. एक खोड गेले तरी बाजूची राहतात, हे त्याचे कारण असावे का?

अंत्रुजकर (फोंडा)

गोदाकाठताई, आपले निरीक्षण अचूक आहे. रोपवाटिकांत अरेका म्हणून मिळते ती मूळची मादागास्करची, आणि ती झुंबड करून वाढते, म्हणजे तिला कोंब अनेक असतात. आपली पोफळ एकखोडी आहे, आणि ती कुळागरात पाटाच्या पाण्याशी, सावलीत, चारी बाजूंनी झाडांच्या आडोशाला वाढणारी. तिला नाशिकची कोरडी हवा बाधते ती पानांच्या कडांना. गोणपाट आणि सोडण उत्तम. मात्र भिंत पूर्वेकडची न निवडता दिवसभर ऊन घेणारी, पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड असलेली निवडावी, कारण अशी भिंत दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत परत देत राहते.

सासष्टीचा माड (बाणावली)

आमच्याकडे माडाला दर पावसाळ्यात आळे करून शेणखत, राख आणि मूठ-दोन मूठ मीठ घालण्याची रीत वाडवडिलांपासून आहे, आणि तिचा गुण दिसतो. उत्तरवारा यांनी तेच करून पाहावे असे मला वाटते. आणखी एक सूचना अशी की दुकानी रोपापेक्षा आपल्या जातीचा नारळ रुजवावा. आमच्या बाणावलीच्या माडांतून निवड करून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1987 साली ‘प्रताप’ ही जात प्रसारित केली, इतका हा माड चांगला आहे. मागच्या खेपेला परदेशी असलेल्या पुतण्याने सोडणासकट दोन नारळ मागितले होते, ते त्याला द्यावे का?

अंत्रुजकर (फोंडा)

मिठाबद्दल आपले वाडवडील बरोबरच होते. माडाला क्लोरीन खरोखर लागते आणि ते मिठातून मिळते. परंतु आपल्या माडाखाली वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि जास्तीचे मीठ धुऊन नेतो. कुंडीत ते जाणार कोठे? तेथे ते साचते आणि मुळांच्या टोकांना जाळते. राखेचेही तसेच, चुनखडीच्या पाण्याच्या प्रदेशात राख घातली तर माती अधिकच अल्कधर्मी होते. म्हणून कुंडीत मीठ आणि राख दोन्ही नकोत. जमिनीत वाढणाऱ्या आपल्या माडांसाठी ही रीत सोडण्याचे मात्र काहीच कारण नाही.

नारळ परदेशी नेण्याबाबत मी सावधच राहीन. मातीसकट रोप तर रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्याशिवाय नेताच येत नाही, आणि ते योग्यच आहे. झाडांचे रोग असेच देशोदेशी पसरतात. नारळाचेही त्या देशाचे नियम पाहूनच ठरवावे. शिवाय उंच जातीचा नारळ रुजायला आपल्या उकाड्यातही चार-पाच महिने लागतात. तिकडे त्याला तितके दिवस सतत 30 अंशांच्या आसपास ऊब द्यावी लागेल. कुंडीसाठी उंच जात नेण्यात अर्थही कमी आहे, कारण ती वाढली तर काही वर्षांत छताला लागते. ठेंगणी जात असती तर गोष्ट निराळी.

पाऊसपाणी (स्विंडन)

सर्वांना नमस्कार. स्विंडनमध्ये गोव्याची कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या खिडकीत एखादा पाम असतोच. येथील पाणी जड आहे. किटलीत पांढरा थर बसतो, तसाच तो कुंडीच्या मातीवर आणि कडेलाही बसतो. आमच्या पामची नवी पाने फिकट पिवळी येत होती, शिरा तेवढ्या हिरव्या. परसातल्या पिंपात साठवलेले पावसाचे पाणी देऊ लागल्यावर पुढची पाने हिरवी आली. मँचेस्टरला पाणी डोंगराळ तलावांतून येते आणि ते मृदू असते असे ऐकले आहे, त्यामुळे उत्तरवारा यांना हा त्रास नसावा.

हिवाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे लाल कोळी ही बारीक कीड. हीटरच्या कोरड्या हवेत तो फार वेगाने वाढतो. पानाच्या वरच्या बाजूला बारीक फिकट ठिपके दिसले की पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. कागदावर पडलेले धुळीएवढे ठिपके चालू लागले तर तो कोळीच. आम्ही दर पंधरवड्याला कुंडी न्हाणीघरात नेतो, मातीवर प्लास्टिक बांधतो, झाड किंचित तिरके करतो आणि कोमट पाण्याच्या शॉवरने पाने धुतो, विशेषतः खालची बाजू. रोज फवारणी करणाऱ्यांना सांगावेसे वाटते की फवाऱ्याने हवेतला दमटपणा काही मिनिटेच टिकतो, तर धुण्याने धूळ आणि कोळी दोन्ही जातात.

एक विनंती आहे. ज्यांना चटई, दिवा हे सर्व शक्य नाही, त्यांच्यासाठी कोणता पाम सुचवाल?

अंत्रुजकर (फोंडा)

पाऊसपाणी, आपला प्रतिसाद सर्वांनी दोनदा वाचावा असा आहे. नव्या पानांचे पिवळेपण लोहाच्या कमतरतेचे असते, आणि जड पाण्यामुळे मातीतले लोह असूनही मुळांना घेता येत नाही. निचरा न होणारी माती आणि खोड गरजेपेक्षा खोल पुरणे यांनीही हेच होते, हे येथे जोडतो. नवे पान आखूड, सुरकुतलेले आणि टोकाला करपलेले आले तर मँगनीज कमी पडले असे समजावे. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की माती थंड असतानाच मुळांना मँगनीज घेणे कठीण जाते. त्यामुळे हिवाळ्यातले असे पान पाहून खतांचा मारा करू नये. माती उबदार झाली की पुढची पाने पुष्कळदा आपोआप सुधारतात. थंडीच्या दिवसांत खत मुळीच देऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन.

निवडीविषयी. साध्या घरासाठी मी सर्वप्रथम केंटिया सुचवेन. ती ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील लॉर्ड हाऊ बेटावरची आहे. तेथील हवामान समशीतोष्णाकडे झुकणारे, आणि रोपपणी ती मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. कमी उजेड आणि 12 अंशांपर्यंतची खोली ती सहन करते, एकोणिसाव्या शतकापासून युरोपातील दिवाणखान्यांत ती टिकून आहे. जागा लहान असेल तर मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या रानातली पार्लर पाम घ्यावी. ती टेबलावरही राहते. घराबाहेर, बर्फातही राहील असे काही हवे असल्यास पंख्यासारख्या पानांची चुसान पाम, अर्थात ट्रॅकीकार्पस, पण तिचा तोंडवळा आपल्या माडाचा नाही. केंटियाच्या झावळ्या मात्र दुरून पाहिल्या तर पोफळीची आठवण करून देतात.

माड हवाच असेल तर तो हौसेने, पूर्ण तयारीने लावावा. चटई, दिवा आणि पावसाचे पाणी यांची सोय होत नसेल तर तो आणू नये असे मी स्पष्ट सांगतो. एक जिवंत रोप दोन वर्षांत मरण्यासाठी विकत घेणे मला पटत नाही.

उत्तरवारा (मँचेस्टर)

अंत्रुजकरबाब, सुई ओढून पाहिली, घट्ट आहे. मातीत तापमापक खुपसला तेव्हा सकाळी 13 अंश दाखवत होता, आणि त्याच वेळी खोलीत 19 होते. आता चटई आणि दिवा लावला आहे. माती 23 अंशांवर स्थिर आहे. कोंब अजून हललेला नाही, पण पाणी आता लवकर सुकते असे दिसते. दोन शंका उरल्या आहेत. कुंडी लहान वाटते, ती आताच बदलावी का? आणि खालचे जे पान निम्मे पिवळे झाले आहे ते कापून टाकावे का?

अंत्रुजकर (फोंडा)

पाणी लवकर सुकू लागले म्हणजे मुळे ओढू लागली. कोंब हलायला काही आठवडे जातील, तोवर घाई करू नये.

कुंडी आता बदलू नये. हिवाळ्यात तुटलेल्या मुळांच्या जागी नवी सुटत नाहीत. मे महिन्यात, दिवस मोठे झाल्यावर, एकच आकार मोठी आणि रुंदीपेक्षा खोल अशी कुंडी घ्यावी. फार मोठी घेतली तर न वापरलेली माती ओली राहते. काथ्याचे तुकडे, जाड रेती आणि कुजलेले खत समप्रमाणात मिसळावे. काथ्याचा भुसा वापरत असाल तर तो आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा, कारण त्यात क्षार असू शकतात. मुळांचा गोळा न मोडता जसाच्या तसा ठेवावा आणि नारळ पूर्वीइतकाच, निम्मा वर उघडा राहील असा बसवावा. रात्रीचे तापमान 13 अंशांच्या वर राहू लागले की कुंडी बाहेर ठेवता येईल, परंतु पहिले दोन आठवडे सावलीत, नंतर सकाळच्या उन्हात. घरातल्या पानांना थेट ऊन एकदम सोसत नाही. सप्टेंबरच्या मध्याला आत घ्यावी आणि आत घेण्यापूर्वी पानांची खालची बाजू पिठ्या ढेकूण व खवले किडीसाठी नीट तपासावी.

खालचे पान कापू नये. जुन्या पानातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झाड नव्या पानासाठी ओढून घेत असते, आणि ते पान काढले तर त्याच्या वरचे पान पिवळे पडू लागते. पान पूर्ण तपकिरी होऊन देठापर्यंत सुकले, की मगच खोडापासून दोन बोटे अंतर ठेवून कात्रीने कापावे. ओढून तोडू नये.